जुना कळफलक कसा वाचावा?



घरातील संगणक जुना झाला की आपण त्याच्या हार्ड डिस्कची चौकशी करतो, मेमरी काढून दुसरीकडे चालेल का ते विचारतो, मॉनिटर कोणाला तरी देऊन टाकतो. कीबोर्डची चौकशी मात्र कोणी करीत नाही. तो स्वतःच्याच तारेत गुंडाळून माळ्यावर जातो आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत कबाड्याकडे पोहोचतो. तेथे त्याची किंमत वजनावर ठरते.

जगात असे पुष्कळ लोक आहेत जे हे जुने कीबोर्ड जमवतात, उघडून पाहतात, दुरुस्त करतात आणि प्रत्येकाची वहीत नोंद ठेवतात. नाणी किंवा टपाल तिकिटे जमवणे आपल्याला समजते, कारण त्यांवर राजाचे नाव असते, साल असते, चित्र असते. कीबोर्डमध्ये पाहण्यासारखे काय असते, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झाल्यामुळे मला 'कुंजीपटल' हा शब्द आधी भेटला आणि 'कळफलक' नंतर. कुंजी म्हणजे किल्ली. हे इंग्रजी शब्दाचे सरळ भाषांतर आहे. मराठीने मात्र 'कळ' हा शब्द घेतला. जी दाबली की यंत्रात काही तरी घडते ती कळ. मला हा शब्द अधिक नेमका वाटतो. बोलताना आपण सर्रास 'बटण' म्हणतो, तेही चालेल.

आता मुख्य मुद्दा. कळफलक हा एक दस्तऐवज आहे आणि तो तीन प्रकारे वाचता येतो. त्यावरील कळांची मांडणी यंत्राचा इतिहास सांगते. त्याची बनावट कारखान्याचा आणि काळाचा पत्ता देते. आणि त्यावरील झीज, तो वापरणाऱ्या माणसाविषयी सांगते. हे तिन्ही आपण क्रमाने पाहू.

१. मांडणी : कारण गेले, कळ राहिली

तुमच्यासमोरच्या कीबोर्डकडे नीट पाहा. अक्षरांच्या ओळी एकीखाली एक सरळ नाहीत, प्रत्येक ओळ थोडी सरकलेली आहे. असे का? संगणकाला याची काही गरज नाही. याचे कारण टाइपरायटरमध्ये आहे. टाइपरायटरच्या प्रत्येक कळीखाली धातूची एक लांब दांडी असे. खालच्या ओळीची दांडी वरच्या ओळीच्या दांड्यांमधून जावी लागे. दांड्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून ओळी सरकवल्या गेल्या. आज दांड्या नाहीत, तरी ओळी सरकलेल्याच आहेत.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिस्टोफर लॅथम शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ साली टाइपरायटरचे पेटंट घेतले. त्यांचे पहिले यंत्र पियानोसारख्या पट्ट्यांचे होते. पुढे त्यात पुष्कळ बदल झाले. १८७३ मध्ये बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते बनवायला घेतले आणि १८७४ मध्ये ते बाजारात आले. त्यात फक्त मोठी अक्षरे होती. १८७८ च्या 'रेमिंग्टन नंबर २' मध्ये शिफ्ट आली. ही कळ दाबली की कागद धरणारा भागच खरोखर सरकत असे, म्हणून तिचे नाव शिफ्ट. कॅप्स लॉक म्हणजे त्या सरकलेल्या भागाला लावलेली खिटी. एंटरवर जो वाकडा बाण दिसतो तो ओळ संपल्यावर कागदाचा गाडा परत आणण्याची खूण आहे. ज्या मुलांनी टाइपरायटर कधी पाहिलेला नाही, तीही रोज त्याचे हुकूम पाळतात.

वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून या मांडणीला 'क्वर्टी' म्हणतात. दांड्या अडकू नयेत म्हणून टाइप करणाऱ्याचा वेग मुद्दाम कमी केला, अशी गोष्ट पुस्तकांतून सांगितली जाते. जपानमधील क्योटो विद्यापीठातील कोइची यासुओका आणि मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये जुनी पेटंटे आणि नमुने तपासून या गोष्टीवर शंका घेतली. तारेचे संदेश ऐकून उतरवणाऱ्या ऑपरेटरांच्या गरजांप्रमाणे अक्षरे हलत गेली, असे त्यांनी मांडले. वस्तू समोर ठेवून तपासल्यावर वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्टही पुन्हा विचारात घ्यावी लागते. संग्रहाचा खरा उपयोग हा आहे.

आणखी एक सुंदर उदाहरण देतो. १९७६ साली लिअर सीगलर या अमेरिकन कंपनीने 'एडीएम-३ए' नावाचे टर्मिनल काढले. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. त्याच काळात बिल जॉय नावाचा विद्यार्थी कॅलिफोर्नियात बर्कले येथे अशाच टर्मिनलवर बसून 'व्हीआय' हा संपादनाचा प्रोग्राम लिहीत होता. त्याने बाणांसाठी तीच चार अक्षरे वापरली. आजही जगभरचे प्रोग्रामर त्या अक्षरांनी कर्सर हलवतात. ते टर्मिनल पाहिल्याशिवाय याचे कारण कळत नाही. त्याच टर्मिनलवर 'होम' हा शब्द नागमोडी रेघेच्या कळीवर होता. म्हणून युनिक्स आणि लिनक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरची खूण ती नागमोडी रेघ आहे.

२. कळ दाबल्यावर आत काय होते?

साध्या कीबोर्डवर शंभराहून अधिक कळा असतात. प्रत्येक कळीसाठी वेगळी तार ओढली तर तारांचे जंगल होईल. म्हणून आपल्या वर्गासारखी व्यवस्था केलेली असते. वर्गात 'तिसरी रांग, पाचवा बाक' म्हटले की एकच विद्यार्थी उभा राहतो. तसेच आडव्या आणि उभ्या तारांचे जाळे असते आणि प्रत्येक कळ एका चौकात बसते. १६ उभ्या आणि ८ आडव्या तारा घेतल्या तर २४ तारांत १२८ चौक मिळतात. कीबोर्डमधील लहानशी चिप या तारांवरून सतत फेरी मारते आणि कोणता चौक जोडला गेला ते पाहते.

या व्यवस्थेत एक अडचण आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या तर चौथा कोपराही दाबल्यासारखा भासतो. यास भुताची कळ म्हणतात. हे टाळण्यासाठी चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला डायोड जोडतात, म्हणजे वीज उलटी फिरत नाही. स्वस्त कीबोर्ड अशा वेळी एखादी कळ सरळ दुर्लक्षित करतो.

चौक सापडला की चिप संगणकाला एक क्रमांक पाठवते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये 'ए' या कळीचा क्रमांक ३० होता. कळ सोडली की त्यात १२८ मिळवून १५८ पाठवला जाई. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. कीबोर्ड अक्षर पाठवीत नाही, तो केवळ जागेचा क्रमांक पाठवतो. त्या जागेवर इंग्रजी 'ए' उमटवायचा की मराठी मात्रा, हे संगणकातील प्रोग्राम ठरवतो.

३. बनावट : बोटाखाली काय आहे?

संग्राहक कीबोर्डची पहिली ओळख आतील कळीच्या प्रकारावरून करतात. चार प्रकार माहीत असले तरी सुरुवातीला पुरे.

पहिला प्रकार रबरी घुमटाचा. आपल्या संगणक कक्षातील बहुतेक कीबोर्ड असेच आहेत. रबराच्या पातळ चादरीवर टोपीसारखे घुमट असतात. घुमट दबला की खालच्या प्लॅस्टिकच्या थरांवरील दोन टोके जुळतात. स्वस्त आणि शांत, पण रबर कडक झाले की कळ जड लागते.

दुसरा प्रकार वाकणाऱ्या स्प्रिंगचा. आयबीएमचे अभियंता रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या नावावर याचे १९७८ चे पेटंट आहे. प्रत्येक कळीखाली उभी स्प्रिंग असते. ती दबत जाते आणि एका क्षणी एकदम बाजूला वाकते. त्याच क्षणी 'टक्' असा आवाज होतो आणि अक्षर नोंदले जाते. बोटाला, कानाला आणि संगणकाला एकाच वेळी बातमी मिळते. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या 'मॉडेल एफ' मध्ये ही स्प्रिंग एका पट्टीला ढकलून विद्युत धारिता बदलत असे. १९८५ च्या 'मॉडेल एम' मध्ये तीच स्प्रिंग कायम ठेवून खाली स्वस्त पडद्याचे थर दिले. 'मॉडेल एम' दोन किलोहून जड असे. १०१ कळांची आजची ओळखीची मांडणी, म्हणजे वर बारा फंक्शन कळा, मध्ये उलट्या टी आकारात बाण आणि उजवीकडे आकडे, याच कीबोर्डमुळे जगभर रुळली. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे युनिकॉम्प ही कंपनी १९९६ पासून त्याच पद्धतीचे कीबोर्ड बनवीत आली आहे.

तिसरा प्रकार चेरी एमएक्स. चेरी या कंपनीची ही कळ १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जर्मनीत तयार झाली. हिची ओळख कळीच्या टोपीखालील दांड्याच्या रंगावरून होते. काळा म्हणजे सरळ खाली जाणारी, निळा म्हणजे टिकटिक करणारी, तपकिरी म्हणजे आवाज न करता मध्ये हलकासा अडथळा जाणवणारी. भारतात 'टीव्हीएस गोल्ड' कीबोर्डमध्ये निळ्या दांड्याच्या कळा वापरल्या गेल्या. बँकेच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपलीकडून येणारा कटकट आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको. या कळेला ५ कोटी वेळा दाबण्याचे आयुष्य दिलेले होते. म्हणून कबाडात असा कीबोर्ड दिसला तर तो बहुधा मेलेला नसतो. त्याची तार तुटलेली असते किंवा तो फक्त मळलेला असतो.

चौथा प्रकार जपानमधील आल्प्स कंपनीच्या कळांचा. १९८७ च्या ॲपल एक्स्टेंडेड कीबोर्डमध्ये त्या होत्या. त्या काळातील ॲपलच्या कीबोर्डवर बोटे ठेवण्याच्या खुणेचे उंचवटे एफ आणि जे ऐवजी डी आणि के या अक्षरांवर होते. हात लावताच हा फरक कळतो.

४. वय कसे ओळखावे?

जुन्या नाण्यावर साल नसले तरी जाणकार ते ओळखतात. कीबोर्डचेही तसेच आहे. पुढील खुणा वहीत उतरवून घ्या.

प्रथम मागची चिठ्ठी पाहा. आयबीएमच्या कीबोर्डवर भाग क्रमांक आणि बनवल्याची तारीख छापलेली असे. चिठ्ठी धुऊ नका, खरडू नका.

नंतर तारेचे टोक पाहा. पाच पिनांचे जाड गोल टोक असेल तर तो पीसी, एक्सटी किंवा एटी काळातील किंवा त्याच वळणाचा. सहा पिनांचे बारीक गोल टोक आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकाबरोबर आणले. यूएसबी १९९६ नंतरचे.

मग कळा मोजा. ८३ कळा आणि डाव्या बाजूला दोन उभ्या रांगांत दहा फंक्शन कळा असल्या तर ती १९८१ ची पीसी मांडणी. ८४ वी कळ १९८४ च्या एटी संगणकाबरोबर आली, तिचे नाव सिस रिक्वेस्ट. खिडकीच्या चित्राची विंडोज कळ नसेल तर त्याची रचना बहुधा १९९५ पूर्वीची आहे. ₹ ही खूण भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारली. ती कीबोर्डवर छापलेली असेल तर तो त्यानंतरचाच.

आपल्या देशाचे एक पानही येथे आहे. १९८४ साली भारत सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला. त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक आणले गेले. त्यात संगणक आणि कीबोर्ड एकाच पेटीत असत. अक्षरांच्या कळा गडद आणि वरच्या दहा फंक्शन कळा नारिंगी-लाल. एखाद्या जुन्या शाळेच्या भांडारात तांबड्या कळांची अशी पेटी दिसली तर ती भंगार समजू नका. भारतीय शाळेत संगणक प्रथम कसा आला त्याची ती साक्ष आहे.

५. आपली लिपी कळांवर कशी बसली?

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे मिळून पुष्कळ चिन्हे आहेत. टाइपरायटरच्या कळा मात्र मोजक्या. तेव्हा कारागिरांनी अक्षरे तोडली. अर्धा 'ख' एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, दोन्ही मिळून पूर्ण 'ख'. कागदावर जे डावीकडे दिसते ते आधी मारायचे, म्हणून 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. या मांडणीला रेमिंग्टन म्हणतात. गोदरेज कंपनीने १९५५ पासून भारतीय बनावटीचे टाइपरायटर बनवले आणि २००९ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले. पण टाइपिंगच्या क्लासमध्ये लागलेली बोटांची सवय थांबली नाही. ती कृतिदेवसारख्या फॉन्टमधून संगणकावर आली.

दुसरा मार्ग १९८६ मध्ये निघाला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात आली. संगणकाला फक्त जागेचा क्रमांक कळतो, मग अक्षरे तोडण्याची गरज काय, हा विचार तिच्यामागे आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. 'क' च्या कळीवर शिफ्टसह 'ख', 'ग' वर 'घ', 'त' वर 'थ', 'द' वर 'ध', 'प' वर 'फ'. आपण पहिलीत मुळाक्षरे जशी घोकली तशीच जोडी. आणि आपला 'ळ'? तो 'ल' च्या कळीवर शिफ्टसह बसला आहे. लिहिण्याचा क्रम उच्चाराचा आहे, आधी 'क', मग वेलांटी.

आणखी एक गुण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या लोकांना विशेष वाटावा असा आहे. इन्स्क्रिप्टमध्ये गुजराती, कन्नड, तेलुगू या लिप्यांचा 'क' देखील त्याच कळीवर आहे. म्हणजे वडोदऱ्याची, बेळगावची आणि हैदराबादची आपली नातेवाईक मुले शाळेत वेगवेगळ्या लिप्या शिकली तरी बोटांना एकच वाट शिकावी लागते.

'मराठी' हा शब्द दोन्ही प्रकारे लिहून पाहा. रेमिंग्टनमध्ये ई, जे, के, शिफ्टसह बी, एच. इन्स्क्रिप्टमध्ये सी, जे, ई, शिफ्टसह अवतरणचिन्ह, आर. दोन्हींत फक्त 'र' एकाच कळीवर, म्हणजे जे वर आहे.

हा केवळ जुन्या वस्तूंचा प्रश्न नाही. आपल्या मध्य प्रदेशात सरकारी कार्यालयांतील नोकरीसाठी लागणाऱ्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखन रेमिंग्टन गेल किंवा इन्स्क्रिप्ट या मांडणीत करता येते. विद्यार्थ्याने दोन्हींतील फरक समजून निवड करावी, शेजाऱ्याने सांगितले म्हणून नव्हे. दुसरे असे की कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलीत खरोखर मराठी अक्षरे नसतात, इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात. फॉन्ट नसला तर 'मराठी' च्या जागी ई-जे-के-बी-एच असे दिसते. कित्येक संस्थांच्या जुन्या स्मरणिका आणि सभासदांच्या याद्या अशा फायलींत आहेत. त्या उलगडण्याची किल्ली म्हणजे रेमिंग्टनची मांडणी. ती जाणणारी माणसे आणि देवनागरी छापलेले कीबोर्ड दोन्ही आपल्यात आहेत तोवर हे काम सोपे आहे.

६. झीज : माणसाची खूण

आता सर्वांत रंजक भाग. एखाद्या कार्यालयातून आलेला जुना कीबोर्ड घ्या आणि खिडकीजवळ तिरका धरून पाहा. काही कळा खडबडीत राहिलेल्या दिसतील, काही काचेसारख्या चकाकतील. चकाकी म्हणजे बोटांनी झालेली झीज. यावरून त्यावर काय लिहिले गेले याचा तर्क करता येतो.

इंग्रजीत 'ई' हे अक्षर सर्वांत जास्त येते आणि 'के' फारच कमी. मराठी आणि हिंदीत काना पावलोपावली येतो. रेमिंग्टनमध्ये काना 'के' वर आहे, इन्स्क्रिप्टमध्ये 'ई' वर. इन्स्क्रिप्टमध्ये जोडाक्षरासाठी लागणारे हलंत चिन्ह 'डी' वर आहे. तेव्हा 'ई' घासलेली आणि 'के' जवळजवळ कोरी असेल तर तेथे मुख्यतः इंग्रजी टाइप झाले. 'के' सर्वांहून अधिक चकाकत असेल तर तेथे रेमिंग्टन शिकलेला टंकलेखक बसत होता. 'ई' आणि 'डी' चकाकत असून 'के' वरही बरीच झीज असेल तर इन्स्क्रिप्टचा संशय घ्यावा, कारण तेथे 'के' वर 'क' आहे. एका कळीवरून निकाल देऊ नका. चार-पाच कळा पाहा आणि शक्य असल्यास ज्याने तो वापरला त्याला विचारा. स्पेस बारवर डावा अंगठा पडत होता की उजवा, हेही झिजलेल्या ठिकाणावरून दिसते.

ज्या लिपिकाने वीस वर्षे पत्रे, दाखले आणि गुणपत्रिका टाइप केल्या त्याचे नाव कोणत्याही कागदाखाली नसते. त्याच्या बोटांची खूण केवळ येथेच राहिलेली असते. वजनावर विकताना आपण हेही विकतो.

७. तपासणी आणि जतन

कीबोर्ड हाती आला की आधी पुढून आणि मागून फोटो काढा. टोप्या काढल्यावर कोणती कोठे होती ते आठवत नाही. तो संगणकाला जोडलेला नसावा. जुने गोल टोक चालू संगणकात घालू नये किंवा काढू नये, संगणक बंद करूनच जोडावे. टोपी चिमट्याने ओढू नका, दोन बाजूंनी सारखा जोर देऊन सरळ वर काढा. टोप्या कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा आणि निदान एक दिवस सावलीत वाळू द्या. आतील पत्र्यावर पाणी नको, कोरडा ब्रश पुरे. 'मॉडेल एम' च्या आतील प्लॅस्टिकचे खिळे वयाने तुटतात, म्हणून तो मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय पूर्ण उघडू नये.

पिवळेपणाविषयी एक सूचना. एबीएस नावाचे प्लॅस्टिक उजेडाने आणि वयाने पिवळे पडते. पीबीटी नावाचे प्लॅस्टिक फारसे पडत नाही. म्हणून कधी पेटी पिवळी आणि कळा पांढऱ्या दिसतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पिवळेपणा घालवण्याची पद्धत २००८ पासून प्रसिद्ध आहे, पण ते रसायन त्वचा आणि डोळ्यांना घातक आहे आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करू नये. पिवळा रंगही वयाचीच नोंद आहे, तो राहू द्यावा.

प्रत्येक कीबोर्डसाठी वहीचे एक पान ठेवा. त्यावर कंपनी, मागील चिठ्ठीवरील क्रमांक, तारेच्या टोकाचा प्रकार, कळांची संख्या, आतील कळीचा प्रकार, सर्वांत झिजलेल्या पाच कळा, कोठून मिळाला आणि आधी कोण वापरीत होते, हे लिहा. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. बाकी माहिती शंभर वर्षांनीही वस्तूवरून मिळेल, ही दोन उत्तरे फक्त आज मिळतील. या संग्रहाला पैसा लागत नाही. दहा कीबोर्ड जमवून कोपऱ्यात टाकण्यापेक्षा दोनच नीट तपासलेले चांगले. जे खरोखर निकामी आहेत ते ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत, जाळू नयेत.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील किंवा वडिलांच्या कार्यालयातील सर्वांत जुना कीबोर्ड शोधा आणि वर दिल्याप्रमाणे नोंद करा.
२. नोटपॅड उघडून तीन-चार अक्षरे एकदम दाबा. सर्व उमटतात का? न उमटणारे गट लिहून काढा.
३. 'इंदूर', 'कमळ' आणि 'विद्यालय' हे शब्द इन्स्क्रिप्टमध्ये लिहिताना कोणत्या कळा लागतील? 'ळ' साठी शिफ्ट विसरू नका.
४. टाइपिंगची परीक्षा दिलेल्या आपल्या ओळखीच्या एखाद्या काका-काकूंना भेटा. त्यांना रेमिंग्टन येत असेल तर डोळे मिटून काना कोठे आहे ते दाखवायला सांगा. बोट कोणत्या कळीवर जाते ते पाहा.
५. क्वर्टीविषयीची प्रचलित गोष्ट आणि संशोधकांचे म्हणणे यांतील फरक पाच ओळींत लिहा.

पालकांना विनंती की या दिवाळीच्या साफसफाईत जुना कीबोर्ड निघाला तर कबाड्याला देण्यापूर्वी एक दिवस मुलांच्या हाती द्यावा. नोंदवह्या वर्गशिक्षकांकडे जमा कराव्यात. चांगल्या नोंदी पुढील अंकात विद्यार्थ्याच्या नावासह छापल्या जातील, आणि ज्यांनी तो कीबोर्ड वापरला त्यांचे नावही, त्यांची परवानगी घेऊन, सोबत दिले जाईल.